नाताळाच्या इंग्रजी शुभेच्छा

इंग्रजी बोलणारे लोक नाताळात एकमेकांना देतात त्या शुभेच्छा आणि त्यांचे देशपरत्वे बदलणारे प्रकार. ‘मेरी ख्रिसमस’ सगळीकडे चालते. त्याच्या जोडीला ब्रिटन-आयर्लंडमध्ये ‘हॅपी ख्रिसमस’, तर अमेरिका व कॅनडात ‘हॅपी हॉलिडेज’ ऐकू येते.

यांतले ‘मेरी ख्रिसमस’ बरेच जुने. लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत असलेले बिशप जॉन फिशर यांनी डिसेंबर १५३४ मध्ये राजा आठव्या हेन्रीचे मंत्री टॉमस क्रॉमवेल यांना लिहिलेल्या पत्रात ही शुभेच्छा आहे. अंगावरच्या कपड्यांच्या चिंध्या झाल्याची तक्रारही त्याच पत्रात आहे. पुढच्या जूनमध्ये फिशर यांचा शिरच्छेद झाला. शुभेच्छा लेखी पाठवण्याची प्रथा रुजली ती एकोणिसाव्या शतकात, टपाल स्वस्त झाल्यावर. १८४३ मध्ये ब्रिटिश सरकारी अधिकारी हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन हॉर्सली यांच्याकडून चित्र काढून घेऊन विक्रीसाठी नाताळाचे पहिले कार्ड छापले. किंमत एक शिलिंग, म्हणजे गरिबांच्या आवाक्याबाहेरची. त्यावर ‘मेरी ख्रिसमस’ आणि ‘हॅपी न्यू इयर’ असा आजही चालणारा जोडमजकूर होता. चित्रात लहान मूलही वाइन पिताना दिसते, म्हणून दारूबंदीवाले चिडले.

‘मेरी’ला (म्हणजे खुशीत, मौजेत) मद्यपानाचा वास येतो म्हणून ब्रिटनमधल्या सोवळ्या मंडळींनी ‘हॅपी’ धरले, असे सांगतात. राजघराण्याचा कलही तिकडेच होता: पाचव्या जॉर्जने १९३२ मधल्या नाताळच्या पहिल्या नभोवाणी भाषणाचा शेवट ‘हॅपी ख्रिसमस’ने केला आणि दुसऱ्या एलिझाबेथचाही भर त्यावरच असे. तरी ‘हॅपी’ ब्रिटिश आणि ‘मेरी’ अमेरिकन ही सरळ वाटणी टिकत नाही. सांताक्लॉजवरची प्रसिद्ध अमेरिकन कविता १८२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय येथील वृत्तपत्रात प्रथम छापली गेली, तिचाही शेवट ‘हॅपी ख्रिसमस’नेच होतो.

‘हॅपी हॉलिडेज’मध्ये ज्यूंचा हनुका हा सण आणि नववर्षही सामावते, म्हणून समोरच्याचा धर्म ठाऊक नसलेल्या अमेरिकन दुकानदाराला ते सोयीचे. काही ख्रिस्ती गटांना मात्र ती पळवाट वाटते. २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या कार्डावर ‘ख्रिसमस’ शब्दच नव्हता, त्यावरून त्यांच्याच समर्थकांनी नाराजी व्यक्त केली. ब्रिटनमध्ये ‘हॉलिडे’ म्हणजे सुट्टीतली सहल, त्यामुळे तिथे ही शुभेच्छा फारशी रुजली नाही.

सर्वांत गमतीचा प्रकार अमेरिकेच्या दक्षिणेतला. नाताळच्या सकाळी भेटल्याबरोबर ‘ख्रिसमस गिफ्ट!’ असे जो आधी ओरडेल त्याला दुसऱ्याने भेट द्यायची. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवरचे गुलामही मालकाला असेच गाठत आणि वर्षातून एकदा तरी त्याला खिशात हात घालायला लावत. आता ही चाल काही घरांपुरतीच उरली आहे.

‘कॉम्प्लिमेंट्स ऑफ द सीझन’ हा जुन्या इंग्रजी पत्रांतला औपचारिक प्रयोग. नायजेरिया व दक्षिण आफ्रिकेत तो अजून रोजच्या वापरात आहे. भारतात ‘मेरी’ आणि ‘हॅपी’ दोन्ही चालतात. वसईतले मराठी ख्रिस्ती ‘नाताळच्या शुभेच्छा’ही देतात.