भेटीचा आदेश (ॲक्सेस)

वेगळ्या राहणाऱ्या किंवा घटस्फोटित आईवडिलांपैकी ज्याच्याकडे मुलाचा ताबा नाही, त्याला मुलाला भेटता यावे म्हणून न्यायालय देत असलेला आदेश. कोर्टाच्या आवारात याला सरसकट ‘ॲक्सेस’ म्हणतात.

घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ खाली त्याच दाव्यात अर्ज करता येतो. स्वतंत्र अर्ज पालक व पाल्य कायदा, १८९० खाली होतो आणि तो मूल नेहमी जिथे राहते तिथल्या न्यायालयातच करावा लागतो. नवी मुंबईकरांची गफलत इथे होते. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, तर खारघर, कामोठे, कळंबोली रायगडमध्ये. खारघरच्या मुलासाठी स्वतंत्र अर्ज ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात टाकला, तर आधी अधिकारक्षेत्राचाच वाद लढत बसावे लागते.

पाच वर्षांखालचे मूल सहसा आईकडे राहते. त्यापुढे मुलाचे हित हीच कसोटी. समजत्या वयाच्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते, म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या मुलाशी न्यायाधीश बहुधा चेंबरमध्ये एकट्याने बोलतात. मात्र त्याचा शब्द न्यायालयावर बंधनकारक नसतो.

आदेश फसतो तो बहुतेकदा मोघम भाषेमुळे. ‘महिन्यातून दोनदा भेट’ एवढेच लिहिले की दर वेळी नवे भांडण. सहमतीच्या अटींतच (दोघांनी मान्य करून न्यायालयात दिलेल्या लेखी अटी) नेमके लिहून घ्यावे: दुसरा आणि चौथा रविवार, सकाळी १० ते सायंकाळी ५, सोडायचे-आणायचे ठिकाण, सोडणार कोण, परत आणणार कोण, उशीर झाला तर किती मिनिटे थांबायचे, भेट हुकली तर बदली दिवस कोणता. मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी. गणपती यंदा वडिलांकडे तर दिवाळी आईकडे, पुढल्या वर्षी उलट. मूल कोपरखैरणेहून ठाण्याला ट्रान्स-हार्बर लोकलने येणार असेल, तर रविवारच्या मेगाब्लॉकचाही (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) विचार हवा; त्या दिवशी कसे आणायचे हे अटींत असले की निम्मे तंटे टळतात. व्हिडिओ कॉलचे वार आणि वेळही लिहावी. यशिता साहू प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने अशा संपर्काचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

किशोरवयीन मूल भेटीला नकार देते, तेव्हा कारण त्याच्याच तोंडून ऐकावे. ‘रविवारी क्लासची टेस्ट असते’, ‘तिकडे बसून करायचं काय’ ही त्याची स्वतःची कारणे असतात, आणि ती सुटतात. सात तासांऐवजी बुधवारी क्लास सुटल्यावर दोन तास, ठाण्यातल्या तलावपाळीला एक फेरी आणि पोटभर खाणे. जागा त्यानेच निवडायची. पण चौदा वर्षांचा मुलगा ‘त्यांनी मेंटेनन्स थकवलाय, आता हक्क कसला’ असे बोलू लागला, की ते शब्द मोठ्यांचे असण्याचीच शक्यता जास्त. कान भरण्याच्या या प्रकाराची दखल सर्वोच्च न्यायालयाने विवेक सिंग प्रकरणात (२०१७) घेतली आहे. पोटगी थकली म्हणून भेट अडवता येत नाही आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगीही थांबवता येत नाही. दोन्ही बाजूंनी ही चूक सर्रास होते आणि भरडले जाते ते मूल.

झोप उडणे, खाणे तुटणे, शाळा टाळणे हे आठवडेच्या आठवडे चालले तर भेटीचा वाद बाजूला ठेवून आधी मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. स्वतःला इजा करण्याची भाषा आली तर त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालते.

आदेश मोडला जात असेल तर अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करता येते. हुकलेल्या प्रत्येक भेटीची तारीख, वेळ आणि त्या दिवशीचे मेसेज जपून ठेवले असतील तर तिथे उपयोगी पडतात. तरी पंधरा वर्षांच्या मुलाला ओढून भेटीला नेता येत नाही. अशा वेळी समुपदेशकांकडे पाठवून आदेशच बदलून घेणे अधिक फलदायी. ताब्याचे व भेटीचे आदेश कायमचे नसतात. परिस्थिती बदलली, मूल दहावीत गेले, एखादा पालक दुसऱ्या शहरात गेला, की बदलासाठी अर्ज करता येतो. मूल १८ वर्षांचे झाल्यावर आदेश लागू राहत नाही.