एक ओढा, दोन महासागर

जिम ब्रिजरला लिहिता-वाचता येत नव्हतं. अमेरिकेतल्या रॉकी पर्वताच्या वाटा मात्र त्याला तोंडपाठ होत्या. १८२२ मध्ये, अठराव्या वर्षी, तो बीव्हर हा पाण्यात वावरणारा केसाळ प्राणी धरायला मिसूरी नदीने वर निघाला आणि चाळीसहून अधिक वर्षं त्याच मुलखात वावरला. आधी सापळे लावत, पुढे लष्कराचा वाटाड्या म्हणून.

बीव्हर हवा होता टोप्यांसाठी. त्याच्या राठ केसांखाली दाट, मऊ लव असते आणि तिच्यावर अतिसूक्ष्म खवले. ओल, ऊब आणि दाब मिळाला की ते एकमेकांत गुंततात आणि घट्ट नमदा, म्हणजे दाबून केलेलं जाड कापड, तयार होतो. त्यासाठी ही माणसं गारठलेल्या ओढ्यात उतरून पाण्याखाली लोखंडी सापळा मांडत. काठावर माणसाचा वास राहू नये म्हणून चालायचंही पाण्यातूनच. वर काठीला बीव्हरच्याच गंधपिशवीतला स्राव फासलेला असे. हद्दीत परका शिरलाय असं वाटून जनावर हुंगायला येई आणि अडके. १८४० पर्यंत कितीतरी ओढे ओस पडले, हेही विसरता येत नाही.

पण ओढ्यामागून ओढा धुंडाळताना पाणी कुठून येतं, कुठे जातं, हे ब्रिजरच्या डोक्यात पक्कं बसलं. तो सांगे, डोंगरात एक ओढा दुभंगतो. एक धार अटलांटिकला जाते, दुसरी पॅसिफिकला. गोष्टी रंगवून सांगण्याची त्याची ख्याती, त्यामुळे विश्वास कोण ठेवणार? १८६० मध्ये कॅप्टन रेनॉल्ड्सची तुकडी त्याला घेऊन तिकडे निघाली, पण बर्फाने वाट अडवली.

ओढा खराच आहे, वायोमिंगमध्ये. पाणलोटाची सीमा बहुधा डोंगराच्या धारेवरून जाते. इथे ती जवळपास अडीच हजार मीटर उंचीवरच्या एका सपाट, दलदलीच्या खिंडीतून जाते. कडेच्या उतारावरून आलेला ओढा तिथे फुटतो. एक फाटा यलोस्टोन, मिसूरी, मिसिसिपी या नद्यांतून अटलांटिककडे सुमारे ५,६०० किलोमीटर जातो. दुसरा स्नेक आणि कोलंबिया नद्यांतून पॅसिफिककडे सुमारे २,२०० किलोमीटर.

यामुळे माशांचं एक कोडंही सुटतं. यलोस्टोन सरोवरातून निघालेली नदी पुढे ९४ मीटरच्या कड्यावरून कोसळते. खालून मासा तो चढूच शकत नाही. तरी सरोवरात कटथ्रोट ट्राउट हा मासा आहे, आणि त्याचे सख्खे भाऊबंद स्नेक नदीत. १८९१ मध्ये बार्टन एव्हरमन या मत्स्यशास्त्रज्ञाने खिंडीची पाहणी केली. ब्रिजरच्या ओढ्यातून मासे एका खोऱ्यातून दुसऱ्यात सहज जाऊ शकतात, असं त्याला दिसलं. ट्राउट सरोवरात आला तो बहुधा याच वाटेने.