ब्लूटूथ की वायफाय? कॉम्प्युटरचं गाणं घरभर नेताना

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांत एखादा जुना अँप्लिफायर, त्याचे दोन भारदस्त स्पीकर आणि कॉम्प्युटरमध्ये जमवलेलं गाणं, असं सगळं असतं. तरी गाणं ऐकलं जातं ते लॅपटॉपच्या किरट्या आवाजात. ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडित यांची तान अशी ऐकणं मला सोसत नाही. आवाज स्टिरिओपर्यंत बिनतारी न्यायचा म्हटलं की दुकानात दोन डब्या पुढे येतात, एकीवर ब्लूटूथ लिहिलेलं, दुसरीवर वायफाय. दोन्हींना मागे लाल-पांढरी पिन नाहीतर हेडफोनचं भोक, आणि दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. त्यामुळे एकीच्या कामासाठी दुसरी घरी येते.

ब्लूटूथमध्ये कॉम्प्युटर आणि स्पीकर एकमेकांशी थेट जोडले जातात. मध्ये राउटर लागत नाही. सेकंदाला १,६०० वेळा वाहिनी बदलत हा दुवा आजूबाजूच्या गोंधळातून वाट काढतो. नेहमीच्या उपकरणांचा पल्ला मोकळ्यात साधारण १० मीटर धरतात. पण जिवाजीगंज-दौलतगंजातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या, दगडी. दिवाणखान्यातला लॅपटॉप आणि माजघरातला स्पीकर यांच्यात अशी एक भिंत आली तरी आवाज तुटायला लागतो.

गुणवत्तेबद्दल मात्र ब्लूटूथला उगाच नावं ठेवली जातात. सीडीच्या आवाजाला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथवर सगळ्यांना समान असलेली एसबीसी पद्धत तो आवाज आवळून चांगल्या दर्जात ३२८ किलोबिटमध्ये बसवते. एलडॅकसारखी पद्धत ९९० पर्यंत जाते, मात्र ती दोन्ही टोकांना असावी लागते. जुन्या आकाशवाणी ध्वनिमुद्रणांत मुळातच खरखर असते. ती ऐकताना एसबीसीमुळे काही हरवलं असं सहसा जाणवत नाही.

वायफायच्या रस्त्यात आवाज आधी घरच्या राउटरकडे जातो आणि तिथून हव्या त्या खोलीत. लॅपटॉप वरच्या मजल्यावर आणि स्टिरिओ खाली असला तरी चालतं, दोघांना राउटर सापडला की झालं. ॲपलने २००४ मध्ये एअरपोर्ट एक्सप्रेस नावाची छोटी डबी आणली, तिला स्टिरिओची वायर लावायची सोय होती. त्यातून पुढे २०१० मध्ये एअरप्ले ही वायफायवरून आवाज पाठवायची पद्धत आली. त्यात सीडीच्या दर्जाचा आवाज काहीही न गमावता जातो. गूगलची क्रोमकास्ट ऑडिओ २०१५ मध्ये आली आणि २०१९ च्या सुरुवातीला तिचं उत्पादन बंद झालं. आज हाताशी रास्पबेरी पाय नावाचा छोटासा कॉम्प्युटर असेल तर त्यावर शेअरपोर्ट सिंक किंवा स्नॅपकास्ट हे मोफत सॉफ्टवेअर चालवून जुना अँप्लिफायर नेटवर्कवर आणता येतो. मला हाच मार्ग सर्वांत आवडतो, कारण एखादी कंपनी बंद पडली म्हणून आपली डबी निकामी होत नाही.

खरा फरक कळतो तो दोन खोल्यांत एकाच वेळी गाणं लावल्यावर. गणपतीत सकाळची आरती देवघरात आणि स्वयंपाकघरात एकदमच वाजावी असं काकूंना वाटतं. प्रत्येक स्पीकरच्या पोटात क्वार्ट्झचं एक घड्याळ असतं, आणि कुठलीही दोन घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत. त्यांच्यात दहा लाखांत पन्नास भागांचा फरक असला, तर तासाभरात ०.१८ सेकंदाचं अंतर पडतं. आवाजाला दहा मीटर जायला सुमारे ०.०३ सेकंद लागतो, एवढं मागेपुढे कान चालवून घेतो. ०.१८ ला मात्र तबल्याची प्रत्येक थाप दोनदा ऐकू येते आणि सम कुठे आहे तेच हरवतं.

वायफायच्या चांगल्या पद्धतींनी हे कोडं सोडवलं आहे. सगळे स्पीकर एका सामाईक घड्याळाकडे बघतात, आणि आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर तो नेमका कधी वाजवायचा ती वेळ लिहिलेली असते. एखादा स्पीकर मागे-पुढे होऊ लागला, की तो मधूनच आवाजाचा एखादा सूक्ष्म कण (सॅम्पल) गाळतो किंवा वाढवतो. कानाला ते कळत नाही. स्नॅपकास्ट हे अंतर एका मिलिसेकंदाच्या आत ठेवतं. २०१८ मध्ये आलेल्या एअरप्ले २ मुळेही अनेक खोल्या एकत्र वाजवता येतात. नेहमीचं ब्लूटूथ मुळात एकास एक जोडणीचं आहे. काही कंपन्या आपले दोन स्पीकर जोडू देतात, पण तुमच्या जुन्या स्टिरिओला त्याचा उपयोग नाही. २०२२ मध्ये जाहीर झालेलं ऑराकास्ट हे ब्लूटूथचं नवं रूप एका जागेहून अनेकांना आवाज पाठवू शकतं, मात्र दोन्ही टोकांना नवीन उपकरणं हवीत, आणि दगडी भिंत तेव्हाही आडवी येणारच.

वायफाय घेऊनही निराश झालेले लोक भेटतात, तेव्हा दोष बहुधा मांडणीत असतो. वरच्या मजल्यासाठी लावलेला दुसरा राउटर वेगळंच नेटवर्क तयार करतो, मग लॅपटॉपला खालचा स्पीकर दिसत नाही. तो राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे पहिलंच नेटवर्क पुढे नेणारा, असा लावावा, आणि चौकातून एकदा लॅनची वायर ओढून घ्यावी. ५ गिगाहर्ट्झ जाड भिंतीला लवकर हार मानतं, तेव्हा लांबच्या स्पीकरला २.४ वरच ठेवावं. आपल्या कॉम्प्युटरमधली गाणी स्नॅपकास्टवर वाजवायला इंटरनेट लागत नाही, राउटर चालू असला की पुरे. म्हणून उन्हाळ्यात वीज जायची सवय असेल, तर राउटरला छोटा यूपीएस द्यावा.

एकाच खोलीत ऐकणार असाल, किंवा पाहुणे येऊन आपापल्या फोनवरून गाणी लावणार असतील, तर ब्लूटूथची डबी घ्या आणि निश्चिंत राहा. सिनेमा पाहतानाही तीच बरी. तिचा आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा उशिरा येतो आणि बरेच प्लेअर ते सांभाळून घेतात. जुन्या एअरप्लेमध्ये हाच उशीर सुमारे दोन सेकंदांचा असतो. रियाजासाठी तंबोरा किंवा तबल्याचं ॲप कोणत्याही मार्गाने वाजवलं तरी अडचण नाही, कारण जे ऐकू येतं त्याच्याशीच आपण जुळवून गातो. पण कॉम्प्युटरला जोडलेल्या कीबोर्डवर बोट ठेवताच सूर यायला हवा असेल, तर स्टिरिओपर्यंत सरळ वायर ओढा.