2048 मधला हातचा

2048 या गेममध्ये 4 बाय 4 घरांच्या बोर्डवर आकड्यांच्या टाइल्स सरकवायच्या, दोन सारख्या भिडल्या की त्यांची दुप्पट आकड्याची एक होते, दर चालीनंतर नवा 2 किंवा 4 येतो, आणि 2048 ची टाइल गाठायची. हा गेम निव्वळ नशिबाचा आहे असं आमच्या जळगावातली पोरं ठासून सांगतात. "भाऊ, बोर्ड भरत आला ना की कॉम्प्युटर मुद्दाम नको तिथे 4 टाकतो." नाही टाकत. गॅब्रिएले चिरुली या इटालियन पोराने 2014 मध्ये हा गेम बनवला तेव्हाच त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला, त्यात सरळ लिहिलंय, रिकाम्या घरांपैकी कुठलंही एक निवडायचं आणि तिथे 90 टक्के वेळा 2, 10 टक्के वेळा 4 टाकायचा, बस. त्याला तुमचा वार कळत नाही, ग्रह कळत नाहीत, मागची चालही लक्षात नसते.

मग काही जण दरवेळी 2048 गाठतात ते कसं? तर ते हातचा सांभाळतात.

शाळेत 999 मध्ये 1 मिळवला की काय होतं? एकंचा हातचा दहंवर, दहंचा शतकावर, आणि सगळं कोसळत जाऊन 1000. कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत 0 आणि 1 हे दोनच अंक, म्हणून 1 आणि 1 झाले की लगेच हातचा, आणि 2048 मध्ये दोन सारख्या टाइल्स चिकटतात ते नेमकं हेच आहे! समजा तुमच्याकडे 1024, 512, 256, 128, 64, 32, 16, 8, 4, 2 अशी ओळीने माळ लागलीय आणि 2 च्या शेजारी अजून एक 2 आला. 2 आणि 2 चे 4, ते शेजारच्या 4 ला भिडून 8, मग 16, असं करत दहा चालीत थेट 2048. द्विमानात हेच लिहायचं तर, 2 च्या टाइलला एक धरून, दहा वेळा 1, त्यात 1 मिळवला, की 1 वर दहा शून्यं.

आपल्या खान्देशाचं या हिशोबाशी जुनं नातं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला तेराव्या शतकातला शिलालेख आहे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला त्याचा. त्या ग्रंथांपैकी लीलावतीत एक गणित आहे, पहिल्या दिवशी 2 कवड्या दान, मग रोज दुप्पट, तर महिन्यात किती? उत्तर 2147483646 कवड्या. त्यातल्या पहिल्या दहा दिवसांची बेरीज 2046, म्हणजे वरची आपली माळच, आणि अकराव्या दिवसाचं दान 2048.

फक्त वहीत एकं-दहंची जागा ठरलेली असते, इथे ती तुम्हालाच धरून ठेवावी लागते, आणि सगळी गोची तिथेच होते. सगळ्यात मोठी टाइल खालच्या कोपऱ्यात ठेवा, खालची ओळ भरलेली ठेवा. चारही टाइल्स वेगळ्या असतील तर डावीकडे दाबा की उजवीकडे, ती ओळ जागची हलत नाही, वरच्याच सरकतात. वरचं बटण मात्र अगदीच नाइलाज झाला तर दाबायचं, कारण एकदा मोठी टाइल वर गेली आणि तिच्या जागी 2 येऊन बसला की माळ तुटली, आणि तो 2 तिथून काढता काढता बोर्ड भरतो. माळ खालच्या ओळीत डावीकडून उजवीकडे, तिच्यावरच्या ओळीत उजवीकडून डावीकडे अशी नागमोडी न्यायची.

असले गेम खेळून मेंदू तल्लख होतो, विसराळूपणा जातो असं सांगून ॲप विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत 2016 मध्ये लुमोसिटी या मेंदूच्या खेळांच्या ॲपच्या कंपनीला असल्याच दाव्यांपायी 20 लाख डॉलर भरावे लागले. गेम आवडतो म्हणून खेळा ना, तेवढं कारण पुरे आहे.

आणि ज्या 4 ला पोरं शिव्या देतात त्याचंही ऐका. घरं 16 च. नुसते 2 आले असते तर 15 घरांत 32768 पासून 2 पर्यंतची माळ आणि सोळाव्यात नवा 2, म्हणजे जास्तीत जास्त 65536. पण 4 येतो म्हणून माळ 65536 पासून 4 वर संपवता येते, सोळाव्या घरात 4 पडला की हातचा चढत चढत 131072 होतो. याच्या वर या बोर्डवर टाइल बनूच शकत नाही.