अवयव-पुनर्रोपण

अपघातात शरीरापासून पूर्ण तुटलेले बोट, हात किंवा पाय त्याच माणसाला पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया. दुसऱ्याचा हात बसवतात ते प्रत्यारोपण. तिथे शरीराने तो नाकारू नये म्हणून जन्मभर औषधे घ्यावी लागतात. पुनर्रोपणात अवयव स्वतःचाच असल्याने ती कटकट नाही. अडचण असते ती वेळेची आणि रक्तवाहिन्यांच्या बारीकपणाची.

1794 साली लंडनच्या एका मासिकात पुण्याकडची हकिकत छापून आली. इंग्रज फौजेतल्या कावसजी नावाच्या मराठा बैलवाल्याचे नाक आणि एक हात टिपूने कापवला होता. पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने कपाळाच्या कातडीचे नवे नाक त्याला बसवून दिले. हात मात्र गेला तो गेलाच. कपाळाचा पट्टा एका टोकाला जोडलेला ठेवता येतो, त्यातून रक्त येत राहते. तुटून पडलेल्या हाताला ती सोय नाही. त्याच्या धमन्या आणि शिरा शिवल्याशिवाय तो जगत नाही.

रक्तवाहिन्या शिवण्याची भरवशाची रीत फ्रेंच सर्जन आलेक्सी कारेल यांनी 1902 मध्ये मांडली. 1960 मध्ये अमेरिकेत जेकबसन आणि सुआरेझ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अगदी लहान वाहिन्या जोडून दाखवल्या. 1962 मध्ये बॉस्टनला रोनाल्ड माल्ट यांच्या चमूने मालगाडीमुळे खांद्याजवळ तुटलेला एका बारा वर्षांच्या मुलाचा हात जोडला, 1963 मध्ये शांघायला चेन झोंगवेई यांनी एका कामगाराचा. बोटाला आणखी दोन वर्षे लागली : 1965 मध्ये जपानमधील नारा येथे कोमात्सु आणि तामाई यांनी अंगठा जोडला. बोटाची धमनी जेमतेम एक मिलिमीटरची, आणि टाक्याचा धागा केसाहून बारीक.

रुग्णाला भूल देण्याची तयारी चालू असतानाच एक चमू तुटलेला भाग टेबलावर घेऊन त्यातल्या वाहिन्या आणि चेता (मज्जातंतू) शोधून खुणा करून ठेवतो. साधारणपणे आधी हाड तारेने किंवा धातूच्या पट्टीने पक्के करतात, मग स्नायूंच्या दोऱ्या, मग धमन्या, चेता आणि शिरा. रक्त आत नेण्यापेक्षा बाहेर काढणे अवघड, कारण शिरा पातळ आणि ढिल्या असतात. त्या पुरेशा जोडता आल्या नाहीत तर बोट जांभळे पडते. तेव्हा आजही जळवा लावतात. सुश्रुतसंहितेत जळवांवर स्वतंत्र अध्याय आहे, त्यामुळे आपल्याला हे फारसे नवल वाटू नये.

भारतात या कामासाठी कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलचा विभाग, डॉ. एस. राजा सभापती यांच्या नेतृत्वाखाली, विशेष नावाजला गेला. सुती गिरण्या, ओतशाळा आणि पंपांचे कारखाने असलेल्या शहरात असा विभाग उभा राहावा हे साहजिकच. आपल्याकडे कडबाकुट्टी, उसाचा चरक आणि प्रेस मशीन हात घेतात. कोयत्याने सरळ तुटलेले बोट चांगले जुळते. चरकात चिरडलेले किंवा यंत्राच्या पट्ट्यात ओढून उपटलेले क्वचितच. अंगठा, मनगट, एकाहून अधिक बोटे किंवा लहान मूल असेल तर सर्जन शक्यतो प्रयत्न करतात. एकच बोट तुटले असेल तर न जोडणेही कधी शहाणपणाचे ठरते, कारण ताठ, बधिर बोट कामात आडवे येते.

तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. थेट बर्फात ठेवल्यास पेशी गोठून मरतात. हीच चूक सर्रास होते. स्नायू असलेला हात थंड न ठेवल्यास सुमारे सहा तासांत हातचा जातो, तर बोटात स्नायू नसल्याने ते थंडाव्यात चोवीस तासांपर्यंत टिकू शकते. जोडल्यावर चेता दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. कोपराजवळ तुटलेल्या हाताच्या बोटांना स्पर्श कळायला म्हणूनच वर्ष उलटते.