रोंकीच्या सरळ रेषा: टेबलावरच्या आणि ताऱ्यावरच्या

दुर्बिणीसाठी घरी घासलेल्या आठ इंची आरशाचा फोटो, त्यावर रोंकीच्या काळ्या रेषा (बारीक रेघांच्या जाळीतून आरसा पाहिला की दिसतात त्या) फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ, आणि खाली मजकूर: ‘पॅराबोला तयार, आता मुलामा!’ हे वाचलं की माझं डोकं फिरतं. फोटो टेबलावरच्या चाचणीचा असेल, तर त्या सरळ रेषा नेमकं उलट सांगतात: पॅराबोला, म्हणजे दुर्बिणीच्या आरशाला लागणारा वक्र आकार, अजून झालेला नाही.

टेबलावर तपासा की दुर्बिणीत ताऱ्यावर, जाळी तीच, इंचाला शंभर रेघांची. प्रकाश कुठून येतो, यावर सगळं ठरतं. टेबलावर दिवा आणि जाळी आरशाच्या वक्रता केंद्रापाशी असतात, म्हणजे नाभीच्या दुप्पट अंतरावर. तिथून निघालेले किरण पुन्हा तिथेच नेमके आणून सोडतो तो गोलीय आरसा. ताऱ्याचे किरण समांतर येतात. ते नाभीवर एका बिंदूत गोळा करायला पॅराबोलाच लागतो. म्हणून टेबलावर सरळ रेषा म्हणजे गोलीय आरसा, ताऱ्यावर सरळ रेषा म्हणजे पॅराबोला.

मग टेबलावर पॅराबोला दिसतो कसा? २०० मिमी, एफ/६ चा (नाभीचं अंतर व्यासाच्या सहापट) आरसा घ्या. वक्रता त्रिज्या २४०० मिमी. दिवा आणि जाळी एकत्र सरकत असतील, तर कडेचे किरण मधल्या किरणांपेक्षा आरशापासून सुमारे २.१ मिमी लांब जुळायला हवेत. (दिवा जागेवर स्थिर असेल तर याच्या दुप्पट. इथेही बरेच जण गडबडतात.) जाळी केंद्राच्या अलीकडे, आरशाकडे आणली की मधली रेघ सोडून बाकीच्या पोटात फुगतात, पलीकडे नेली की कमरेत आवळतात. किती फुगल्या म्हणजे पुरे, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ फुकोची १८५८ ची पद्धत घ्या, जाळीऐवजी ब्लेडची धार लावा, आरशाच्या एकेका वर्तुळाकार पट्ट्याचे किरण कुठे जुळतात ते अंतर मोजा.

खचलेली कड (काठाला जास्त घासली गेलेली) मात्र दोन्हीकडे सारखीच पकडता येते: रेषांची टोकं कडेला एकदम वाकतात.

‘पण माझ्या गोलीय आरशातून शनीची कडी दिसतात की!’ दिसणारच. १५० मिमी एफ/८ चा गोलीय आरसा प्रकाशाच्या पाव तरंगलांबीच्या चुकीवर जेमतेम निभावतो. आठ इंची एफ/६ मध्ये तीच चूक ०.८ तरंगापर्यंत जाते, मग कड्यांमधली कॅसिनीची फट शोधत बसा.

ताऱ्यावर बघायचं तर मोटर नसलेल्या डॉब्सनला (हाताने फिरवायच्या साध्या बैठकीच्या दुर्बिणीला) ध्रुव बरा, जागचा फारसा हलत नाही. पुण्यातून तो क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो, त्यामुळे मधल्या जाड हवेत रेषा थरथरतात. कोरी काच चारच टक्के प्रकाश परत पाठवते, तेव्हा मुलाम्याआधी तपासायचं असेल तर तेजस्वी व्याध गाठा आणि नळी हाताने ढकलत राहा.