विंजानाची भित्ती कोणी बांधली?

ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला किंबर्ली प्रदेशात, बुनुबा लोकांच्या भूमीत, नेपियर नावाची चुनखडकाची एक डोंगररांग आहे. सभोवतालच्या गवताळ सपाटीपासून ती जेमतेम शंभर मीटर उंच उठते. परंतु सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियन कालखंडात, हीच रांग समुद्राच्या काठाने पसरलेली एक जिवंत भित्ती (रीफ), म्हणजे समुद्री जीवांनी पाण्याखाली रचलेला चुन्याचा बांध होती आणि आज जेथे सपाटी दिसते त्यातील बराचसा भाग तेव्हा खोल पाण्याखाली होता. पुढे सारे काही गाळाखाली गाडले गेले आणि नंतर झीज होत असताना मऊ गाळ वाहून जाऊन कठीण चुनखडक तेवढा पुन्हा उघडा पडला. जगात जुन्या भित्तींचे अवशेष अनेक ठिकाणी सापडतात, पण समुद्रतळाचा मूळ चढउतार इतक्या स्पष्टपणे जमिनीवर पाहायला मिळणे दुर्मीळ आहे.

लेनर्ड नदीने ही रांग आरपार कापून विंजाना घळ तयार केली आहे. घळीच्या उभ्या कड्यांमध्ये भित्तीचा आडवा छेदच समोर येतो. एका बाजूला चुनखडकाचे जवळजवळ आडवे, सुबक थर दिसतात; हा भित्तीमागच्या शांत, उथळ पाण्यात साचलेला गाळ. मधल्या भागात थर असे नसतातच, सारा खडक एकसंध दिसतो. ही प्रत्यक्ष भित्ती. तिच्यापुढे, खोल समुद्राच्या दिशेने, थर एकदम उताराला लागतात आणि त्यांत भित्तीवरून तुटून घरंगळलेले लहानमोठे दगड अडकलेले आढळतात.

हा उतार मुळातलाच आहे, की नंतरच्या भूहालचालींमुळे थर कलले आहेत, हा प्रश्न येथे सहज सुटतो. खडकातील काही पोकळ्यांमध्ये, विशेषतः शिंपल्यांच्या आत, तळाशी बारीक गाळ साचला आणि वरची मोकळी जागा पुढे कॅल्साइटच्या पांढऱ्या स्फटिकांनी भरून गेली. गाळाची वरची रेघ साचताना क्षितिजसमांतर असते, त्यामुळे अशी प्रत्येक पोकळी गवंड्याच्या पाणसळीसारखी उपयोगी पडते. या रेघांशी तुलना केल्यावर असे दिसते, की भित्तीपुढचे थर मुळातच ३० अंशांहून अधिक तीव्र उतारावर साचले होते.

ही भित्ती बांधली कोणी? आजच्या प्रवाळभित्तींच्या सवयीमुळे आपण प्रथम प्रवाळांचे नाव घेतो. प्रवाळ तेथे होते, पण आजच्या कठीण प्रवाळांहून वेगळ्या, आता पूर्णपणे नामशेष झालेल्या गटांचे; आणि बांधकामात त्यांचा वाटा दुय्यम होता. मुख्य बांधकाम स्ट्रोमॅटोपोरॉइड नावाच्या जीवांचे होते. त्यांचे सांगाडे घुमटाकार, चपटे किंवा फांद्यांसारखे असत. असा एखादा घुमट कापून भिंगाखाली धरला, तर मिलिमीटरहूनही कमी अंतराने एकावर एक रचलेले पातळ पापुद्रे आणि त्यांना जोडणारे बारीक उभे खांब दिसतात. वरच्या पृष्ठभागावर काही ठिकाणी ताऱ्याच्या किरणांप्रमाणे फाकलेल्या नाजूक पन्हळी असतात.

हे जीव नेमके कोणत्या कुळातले, याविषयी शास्त्रज्ञांमध्ये फार काळ एकमत नव्हते. उलगडा झाला तो जिवंत समुद्रात. जमैकाच्या प्रवाळभित्तींमधील अंधाऱ्या कपारींत पाणबुड्यांना चुन्याचा भरीव सांगाडा तयार करणारे स्पंज आढळले. विलार्ड हार्टमन आणि थॉमस गोरो यांनी १९७० मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. या स्पंजांवरही तशाच ताराकृती पन्हळी होत्या. शरीरातून गाळून झालेले पाणी बाहेर सोडणाऱ्या नलिकांच्या त्या खुणा. आज स्ट्रोमॅटोपोरॉइडांची गणना स्पंजांमध्येच केली जाते. निव्वळ जीवाश्म पाहून जे ठरत नव्हते ते एका दुर्लक्षित जिवंत प्राण्यामुळे ठरले, ही मला या साऱ्या संशोधनातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

मात्र नुसते सांगाडे एकावर एक पडून भित्ती होत नाही. लाटांच्या माऱ्यापुढे तो ढीग टिकणार नाही. फटींमध्ये वाढणारे सूक्ष्मजीव चुन्याची पुटे चढवत होते, सुटे तुकडे बांधून ठेवत होते, आणि समुद्राच्या पाण्यातून थेट साखळणारे कॅल्शियम कार्बोनेट उरलेल्या पोकळ्या भरत होते. रेनाल्सिस या नावाने ओळखले जाणारे सूक्ष्मजीवांचे बारीक गोळे या खडकात विपुल आहेत. शिवाय भित्ती शेकडो मीटर जाड व्हायची, तर उथळ पाण्यात राहणाऱ्या बांधकऱ्यांना सतत वर वाढण्यास जागा हवी. समुद्रतळ हळूहळू खचत गेल्याने ती मिळाली. खचणारा तळ आणि त्याच्या वेगाने वाढणारी भित्ती हा विचार चार्ल्स डार्विन यांनी प्रशांत महासागरातील कंकणाकृती बेटांसाठी १८४२ मध्ये मांडला होता.

सुमारे ३७.२ कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियनमधील फ्रास्नियन युग संपून फॅमेनियन सुरू होताना, सागरी जीवांचा मोठा विनाश झाला. समुद्राच्या पाण्यातील प्राणवायूची घट आणि तापमानातील उतार ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. स्ट्रोमॅटोपोरॉइड आणि प्रवाळ यांना जबर फटका बसला. जे थोडे स्ट्रोमॅटोपोरॉइड उरले तेही डेव्होनियनच्या अखेरीस नाहीसे झाले. जगातील बहुतेक भित्तींची वाढ थांबली. किंबर्लीत मात्र ती चालू राहिली, कारण आतापर्यंत सांधे भरणारे सूक्ष्मजीवच आता मुख्य बांधकरी झाले. भित्ती बांधण्याची ही रीत फार जुनी आहे. चित्तोडगडजवळ भोजुंदा येथील स्ट्रोमॅटोलाइट हे प्राण्यांच्याही आधीच्या काळात अशाच सूक्ष्मजीवांच्या थरांनी घडवलेले चुनखडक आहेत. किंबर्लीतील फॅमेनियन चुनखडकात स्ट्रोमॅटोपोरॉइडांचे मोठे घुमट जवळजवळ दिसत नाहीत. तरीही या काळातल्या भित्तीचा समुद्राकडचा उतार आधीइतकाच तीव्र आहे, आणि तो तसा टिकून राहिला तो बऱ्याच अंशी सूक्ष्मजीवांच्या चिवट पुटांमुळेच.